उम्म सलीमची तपकिरी बॅग

भूत, करणी, नजर... असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही. रत्नागिरीहून कुवेतला आलो तेव्हा अंगावरच्या कपड्यांखेरीज काही नव्हतं. दुकान उभं केलं ते घासाघीस करून, कुणाच्या गंड्यादोऱ्याने नाही. त्यामुळे हे वाचून हसायचं असेल तर खुशाल हसा. माझ्या ओळखीचे बरेच जण हसून झालेत.

सत्तरच्या दशकाचा शेवट. फहाहीलच्या बाजारामागच्या गल्लीत, उजव्या हाताला तिसरं दुकान माझं – बॅगांचं. उन्हाळ्यातलं गिऱ्हाईक मुख्यतः पॅलेस्टिनी. शाळांना सुट्टी लागली की ही माणसं इराकमार्गे अम्मानला जात आणि जॉर्डन नदीवरचा पूल ओलांडून आपल्या गावी. पुलावर लष्करी चौकी. तिथे सगळ्यांच्या चपला काढून एकाच ढिगात टाकत, टूथपेस्ट पिळून बघत आणि बॅगांचं अस्तर पात्याने चिरत. परत आल्यावर तीच बॅग माझ्या काउंटरवर – "तुझा माल टिकत नाही." चिरणारे ते आणि बदनाम मी. हा राग माझ्या पोटात आजही आहे.

उम्म सलीम, म्हणजे सलीमची आई, जवळच मंगफला राहायची आणि मुलींच्या शाळेत शिवण शिकवायची. 'अबू शंता', म्हणजे बॅगवाला, हे माझं नाव बाजारात तिनेच पाडलं. भाव करण्यात माझ्या तोडीची ती एकटीच. कुणी शिवणीत नख घालून माल तपासू लागला की मी ओरडायचो, "हात काढ." अरबी मला येत होती, पण राग मराठीतच यायचा. ती मुद्दाम शिवणीला बोट लावायची आणि मी ओरडलो की हसायची.

त्या वर्षी ती हसली नाही. गावी धाकट्या भाचीचं लग्न होतं. तिच्यासाठी उम्म सलीमने तीन हिवाळे बसून लाल रेशमाने एक पायघोळ पोशाख भरला होता. मोठ्या भाचीच्या लग्नाला असाच पोशाख नेताना चौकीवर त्याचा घेर उसवला, छातीवरचं भरतकाम चिरलं. ती मुलगी उसन्या कपड्यांत नवरी झाली.

"अबू शंता, उघडता येणार नाही अशी बॅग दे."

"अशी बॅग नसते. कुलूप लावलंस तर फोडतील."

"मग तुझी गॅरंटी कशाची?"

"कडीची आणि हँडलची. सैनिकांची नाही."

"म्हणजे तुझी गॅरंटी फहाहीलपुरती."

हे मला झोंबलं. फळीवरची एक तपकिरी बॅग मी तिच्यापुढे ठेवली. "जा," मी म्हणालो, "यातल्या कपड्याला कुणी पातं लावणार नाही. माझी जबान." बोललो आणि तिथेच पस्तावलो. पण दिलेली जबान मी कधी मागे घेतली नव्हती. ती तपकिरी बॅग घेऊन गेली.

पुढच्या आठवड्यातला गुरुवार. दुपारी बाजार बंद. शटर अर्धं खाली, आत मी आणि कर्णिक. कर्णिक पुण्याचे, तेल कंपनीत टेक्निशियन; रजेवर जायचं म्हणून बॅग बघायला आलेले. चहा चालला होता... आणि बॅगेच्या कड्या उघडल्याचा आवाज आला. टक... टक. मी फळीकडे पाहिलं. सगळ्या बॅगा बंद.

मग माझ्या बोटांना रेशमाचे टाके लागले. हाताखाली काही नसताना, हवेत. आणि त्या टाक्यांवर काहीतरी थंड टेकलं – पात्याची धार. डोक्यात तिडीक गेली. अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून मी ओरडलो, "हात काढ. जबान दिलीय मी."

कर्णिकांचा चहा सांडला. "अहो शेठ, मी नुसता बसलोय."

"तुमच्यावर नाही ओरडलो."

"मग इथे दुसरं कोण आहे?"

मी फडकं घेतलं आणि सांडलेला चहा पुसू लागलो.

"डोक्यावर पाणी घ्या," ते म्हणाले. "ऊन चढलंय तुम्हाला." रजेवर जाईपर्यंत मंगफच्या मराठी मंडळींना ते माझी नक्कल करून दाखवत होते.

सप्टेंबरात उम्म सलीम आली. बॅगेचं अस्तर शाबूत. कर्णिकही रजेहून परतले होते आणि हँडलची तक्रार घेऊन बसले होते.

"तू पुलावर कशाला आला होतास?" तिने विचारलं.

"मी? मी दुकान सोडून कुठे जातो?"

"मग ओरडलं कोण?"

तिने सांगितलं ते असं: अनवाणी रांगेत ती उभी होती. सैनिकाने पोशाख टेबलावर पसरला, घेराला पातं लावलं. तेवढ्यात सैनिकाच्या मागून एक पुरुष असा ओरडला की चौकीची शेड दणाणली. सैनिकाला वाटलं, कुणीतरी मोठा अधिकारी. पातं टाकून तो ताठ उभा राहिला. त्याच्या मागे तर तपासणी झालेल्या नुसत्या बायका आणि मुलं. त्याने दोनदा वळून पाहिलं, मग स्वतःच्या हाताने पोशाखाची घडी घातली आणि बॅग बंद केली.

"तुझा आवाज मी ओळखणार नाही?" ती म्हणाली.

"वार कोणता होता?" कर्णिकांनी विचारलं.

"गुरुवार. भर दुपार."

"आणि काय ओरडला तो?"

तिला मराठीचं अक्षर येत नव्हतं. अडखळत, पण नीट म्हणाली, "हात काढ. जबान दिलीय मी." यातलं पहिलं ती नेहमी ऐकायची. तिला जबान दिली होती ती अरबीत; दुसरं मराठीत मी दुकानात त्या एका दुपारीच बोललो होतो.

हँडलची तक्रार तशीच सोडून कर्णिक उठले. नक्कल बंद झाली ती कायमची.

उम्म सलीमने लग्नाचा फोटो माझ्या हातात ठेवला. लाल भरतकामाचा घेर जमिनीपर्यंत, एक टाका तुटलेला नाही, आणि नवरी मान वर करून उभी.

नंतरच्या उन्हाळ्यांत बायका 'ती' बॅग मागायला यायच्या. मी खरं सांगायचो, बॅग साधीच आहे. त्या गेल्यावर दुपारभर कान देऊन बसायचो... काही नाही. त्यांच्या बॅगा चिरलेल्याच परत यायच्या. डॉक्टर म्हणाले उष्णता, मौलवी म्हणाले दुवा. मला दोन्ही पटलं नाही.

त्या पुलावर कुणाचंच काही चालत नव्हतं. एका दुपारी माझं चाललं. कसं, ते मला आजही सांगता येत नाही.