सान इसिद्रोची खांदमळणी

मी घर सोडलं ते नेमकं पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी. गोठ्यात आप्पांची खांदमळणी चालली होती. वर्षभर ज्या खांद्यांनी जू वाहिलं, त्यांना लोणी-हळद चोळायची आणि बैलांच्या कानात सांगायचं, "आज आवतण घ्या, उद्या जेवाया या." मला कुर्डुवाडीला जाऊन गाडी पकडायची होती, आई दह्याची वाटी घेऊन दारात उभी होती, आणि आप्पांचा हात काही माणक्याच्या खांद्यावरून निघेना. शेवटी उठले आणि तसल्याच माखलेल्या हातानं माझा खांदा दाबला. "जा. तितं लई वडावं लागंल," एवढंच बोलले. कोऱ्या पांढऱ्या शर्टावर पिवळा पंजा उमटला. आई त्यांच्यावर ओरडली, आणि खरं सांगतो, मलाही राग आला. विमानात शेजारच्या बाईंनी तो डाग दोनदा निरखून पाहिला.

त्याला आता नऊ वर्षं झाली. स्पेनच्या उत्तरेला, बास्क लोकांच्या डोंगराळ मुलखात, एका लहानशा गावात राहतो. कारखान्यात मशीनचे प्रोग्रॅम लिहितो. माढ्याच्या उन्हात वाढलेल्या माणसाला इथला पाऊस सुरुवातीला शिक्षाच वाटायचा, आता छत्री न घेताच शिफ्टला निघतो. इथं प्रत्येक धंद्याला आपापला संत आहे. खाणकामगारांची सांता बार्बारा, लोखंड घडवणाऱ्यांचा सान एलोय. त्या दिवशी कारखान्यात जेवण असतं, तेव्हा मला आपली खंडेनवमी आठवते, फक्त इथं मशीनला कुंकू लावलेलं मीच एकटा. आणि शेतकऱ्यांचा सान इसिद्रो, मे महिन्यातला.

आप्पा मात्र पहिल्या वर्षी फोनवर दर वेळी एकच विचारायचे, "तितं बैल हायती का?" मी म्हणायचो, इथं मशीनं आहेत. "मंग तुजं मन कशात लागतं?" मग मी गावच्या पावसाचं विचारायचो. पुढे माणक्या म्हातारा होऊन गेला, त्याचा जोडीदार हौश्या त्याच्यामागोमाग. शेत ट्रॅक्टरनं व्हायला लागलं, आणि घरी पोळ्याला मातीचे बैल पुजायला लागले. गावी राहिलेल्यांनो, तुम्हाला वाटतं आम्ही सुटलो. बाहेर पडलेल्यांना माहीत आहे, आपण सुखी असलो तरी ते सुख बापानं एकदा येऊन बघावं आणि 'बरं केलंस' म्हणावं, यासाठी जीव किती तुटतो. मला तेवढंच हवं होतं.

बैल इथंही आहेत, हे मला दुसऱ्या वर्षी कळलं. गावाबाहेरच्या टेकडीवर पाची नावाचा म्हातारा राहतो, त्याच्याकडे तांबूस रंगाची दांडगी जोडी. सान इसिद्रोच्या आदल्या दिवशी मी सुपरमार्केटातली हळद आणि लोणी घेऊन हौसेनं त्याच्या गोठ्यात गेलो आणि दोन्ही बैलांचे खांदे चांगले मळून काढले. पाची हसून हसून भिंतीला टेकला. का हसतोय ते मला कळलं नाही, आणि त्याच्या बास्क भाषेतून त्यालाही मला सांगता येईना. दुसऱ्या दिवशी चौकात त्या जोडीनं भलामोठा दगड ओढला, तेव्हाही मी गर्दीत मागे उभा होतो. मला दिसली ती नुसती माणसांची डोकी. पुढे दर वर्षी मी खांदेच मळत राहिलो, चौकात मागेच उभा राहिलो आणि पाची दर वर्षी हसत राहिला.

यंदा आप्पा आले, तीन महिन्यांसाठी. पहिला आठवडा खिडकीशी बसून पावसाला शिव्या दिल्या. मग सान इसिद्रोची आदली संध्याकाळ आली आणि मी त्यांना टेकडीवर नेलं. बैल दिसताच माणूस दहा वर्षांनी तरुण झाला. माझ्या हातातली वाटी काढून घेतली, खांदा चाचपला आणि थांबले.

"आरं येड्या, हितं घट्टा कुटं हाय? जू हितं बसतच न्हाय की!"

मग बोटं मानेवरून वर नेली, शिंगांच्या मागं दाबून पाहिलं, कपाळावरचे झिजलेले केस पाहिले. पाचीनं खुंटीवरचं जू काढून दाखवलं. ते शिंगांना चामड्याच्या वादीनं बांधतात, कपाळावर मेंढीचं कातडं ठेवतात, आणि बैल डोक्यानं ओढतो. सात वर्षं मी भलत्याच जागी हळद लावत होतो! आप्पांनी शिंगांमागं आणि कपाळावर लोणी जिरवलं आणि कानात आवतण दिलं, मराठीत. पाची या वेळी हसला नाही. त्यानं टोपी काढली.

दुसऱ्या दिवशी मात्र आप्पांचं बिनसलं. "सणाच्या दिशी जू? पाप हाय ह्ये," म्हणून दगड ओढताना पाठ फिरवून बसले. मी त्यांना सांगितलं, सान इसिद्रो शेतमजूर होता, तो प्रार्थनेत रमला की देवदूत येऊन त्याचा नांगर धरायचे. जरा वेळानं म्हणाले, "आपल्याकडं देव दळू लागला व्हता. त्यातलंच की." दुपारी पाचीच्या पंगतीला बसले, बीन्सच्या भांड्यातून सॉसेज नेमकं बाजूला काढलं आणि तीन वेळा वाढून घेतलं. पण मला हवं होतं ते काही बोलले नाहीत.

निघताना विमानतळावर त्यांनी कोपरीच्या खिशातून कागदाची पुडी काढली. उरलेली हळद होती. अंगठा बुडवला आणि रांगेतल्या सगळ्यांसमोर माझ्या कपाळावर घासला.

"तवा खांदा मळला. चुकलंच माजं. तुजं जू हितं बसतंय," म्हणाले. मग पुडी खिशात ठेवत, "बरं केलंस आलास ते. जागा चांगली हाय."

दुपारी शिफ्ट होती. तसाच गेलो. कपाळावर काय लागलंय म्हणून मशीनवरच्या पोरीनं विचारलं. मी म्हटलं, घरचं आहे, आणि पुसलं नाही.