दार बंदच राहील, मेन दोन ओळींचाच राहील

मंडळी, सायबर कॅफेत बसून लिहितेय. डोकं अजून तापलेलंच आहे.

नारायणगावात मी एका छोट्या सॉफ्टवेअरच्या दुकानात काम करते. मालकांना सगळे भाऊ म्हणतात. द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजसाठी त्यांनी प्रोग्राम लिहिला: आतलं तापमान वाढलं की अलार्म वाजला पाहिजे. सगळा कोड मेनमध्ये, म्हणजे प्रोग्राम जिथून सुरू होतो तिथेच कोंबलेला. सुरू केला की तो थेट सेन्सर वाचणार. मग तपासायचा कसा? भाऊंची रीत ठरलेली: खोलीचं दार उघडायचं आणि आत गरम होऊ द्यायचं. आज आत एक्सपोर्टचा माल होता!

"भाऊ, दार उघडू नका," म्हटलं आणि अलार्मचा निर्णय वेगळ्या फंक्शनमध्ये, म्हणजे कोडच्या स्वतंत्र तुकड्यात काढला. मेनला दोनच ओळी उरल्या: तापमान वाचायचं, त्या फंक्शनला द्यायचं. मग टेस्टमधून, म्हणजे तपासणीसाठी लिहिलेल्या छोट्या कोडमधून, फंक्शनला खोटं, चढं तापमान दिलं.

अलार्म वाजलाच नाही. भाऊंनी तापमानाच्या मर्यादेत एक शून्य जास्त टाकलं होतं. दार उघडलं असतं, तर अलार्मची वाट बघत द्राक्षं गेली असती.

शून्य काढलं, टेस्ट पास झाली. भाऊ म्हणाले, "झालं ना? आता समदं परत मेनमधी टाक. उद्या कुनी कोड उघडला तर मेनमधी दोनच ओळी बघून म्हनंल, भाऊनी कामच केलं न्हाई."

"नाही टाकणार, पुढच्या वेळी तपासायला परत दार उघडावं लागेल," म्हटलं आणि उठून आले. उद्या कामावर जाणारच आहे, आणि मेन दोन ओळींचाच राहणार आहे.

तुमच्याकडे प्रोग्राम तपासायला काय काय नासवावं लागतं?