सुभेदारांची हरळी

"थम! कौन आता है?"

ही आरोळी सरहद्दीवरची नव्हे, वडूजची. सकाळी पावणेसातला आमच्या पिठाच्या गिरणीच्या भिंतीपलीकडून ती आली आणि चाडीतला गहू तिथंच थबकला. पट्टा फिरत होता, मोटार चालू होती, पण गहू भिऊन खाली पडेना.

पलीकडे आली होती माझी लाल कोंबडी. तिच्यामागून दोन पांढऱ्या, आणि सर्वांत मागे, पुढारी जसे सुरक्षित अंतर ठेवून चालतात तसा, कोंबडा.

"गिरणीबाई! तुमची पलटण आमच्या हद्दीत घुसलीया! सात मोजायच्या आत उचला, न्हाईतर बंदूक काढतो!"

सात म्हणजे पुष्कळ वेळ, असं तुम्हाला वाटेल. सुभेदार 'एक, तीन, सात' असं मोजायचे.

आता शेजारचे सुभेदार आणि त्यांची बायको, आमच्या काकी, मुलीकडं सांगलीला असतात, म्हणून हे लिहायचं धाडस करते आहे. ते शेजारी असताना मी किराणा सामानाची यादीसुद्धा हळू आवाजात लिहायची. सुभेदारांचा आवाज असा, की ते इकडं खाकरले तर तिकडं शिराळ्याचे नाग बिळात परत जात असतील. मिशी दोन्ही बाजूंनी वर गेलेली. आणि बंदूक खोटी नव्हती. फौजेतून आल्यावर काही वर्षं त्यांनी बँकेच्या दारात पहारा दिला होता, तेव्हाची दोन नळ्यांची. ती ते रविवारी अंगणात खुर्ची टाकून पुसायचे, आणि पुसताना एक डोळा मिटून माझ्या कोंबड्यांकडं बघायचे. त्या दिवशी एकही कोंबडी अंडं घालत नसे.

भांडणाचं मूळ म्हणजे त्यांचं लॉन. खटाव तालुक्यात लॉन! इथं पाऊस पाहुण्यासारखा येतो आणि चहा न घेता जातो. सुभेदारांनी न्हाणीघराचं पाणी नळी जोडून त्या गवतावर सोडलं होतं. सगळ्यांत मोठी मौज म्हणजे ते गवत साधी हरळी होती. आमच्याकडं हरळी उपटण्यात सात पिढ्यांच्या कंबरा वाकल्या. सुनेला शिवी द्यायची तर 'हरळीगत पसरली' म्हणतात. आणि ह्या गृहस्थानं ती फलटणच्या नर्सरीतून विकत आणली, चौकोन आखून लावली, कडा कात्रीनं कापल्या आणि भोवती चुन्यानं रंगवलेल्या विटा लावल्या.

गिरणीत सांडलेलं धान्य खाऊन माझ्या कोंबड्या पैलवान झालेल्या. एकेक कोंबडी एका पायानं घमेलंभर माती उकरायची. सुभेदारांचा खलिता मग ठरलेला. घडी घातलेला कागद, तांबड्या शाईत: 'सकाळी सहा चाळीस. कोंबड्या तीन. एक उकरताना, एक लोळताना, एक पहाऱ्यावर. ह्यापुढं परिणामाची जबाबदारी आपली.' खाली सही, हुद्द्यासह.

एक दिवस ते खलित्याशिवाय आले. गिरणीच्या उंबऱ्यात उभे राहिले आणि हळू बोलले. मी इतकी घाबरले की मोटारच बंद केली.

"हिला घिऊन सांगलीला चाललोय. डोळ्याचं आप्रेशन हाय. आठ दिवस लागतील."

"काकींना बरं वाटंल, सुभेदार."

"सकाळी दवातल्या गवतावर अनवाणी चाललं की नजर ऱ्हाती म्हणत्यात. म्हणून लावलंय ते गवत. तिला आता कडा दिसत न्हाईत. तुमच्या कोंबड्या खड्डा पाडत्यात, त्यात तिचा पाय मुरगळंल, ह्या भ्यानं मी वरडतो." मग थोडं थांबून म्हणाले, "आल्या आल्या पयल्यांदा त्याच्यावरच चालायचं म्हणतीया. तुमच्यावर सोडून चाललोय."

तुम्ही बंदुकीला भ्याला असाल. मी त्या दिवसापासून त्या वाक्याला भ्याले.

कोंबड्यांवर बांबूचं मोठं डालगं पालथं घातलं, वर पाटा ठेवला. पाच दिवस नीट गेले. सहाव्या दिवशी पाणी ठेवायला डालगं उचललं, तेवढ्यात गिरणीचा पट्टा घसरला म्हणून धावले. परत येते तर लॉनच्या बरोबर मधोमध म्हैस बसेल एवढा खड्डा, आणि त्यात चौघं पंख पसरून मातीची अंघोळ करतायत.

दळणाला रांग लागलेली. एवढ्यात लोकांच्या रानात तण काढणारी कोंडाबाई भांगलणीहून खुरपं घेऊन चालली होती. तिला हाक मारली, "कोंडाबाई, आवं, तेवढं पलीकडचं नीट साफ करून द्या, दळण उरकून आलेच मी."

चूक तिची नव्हे, माझी. चाळीस वर्षं ज्या बाईनं ज्वारीतली हरळी काढली, तिला हरळीनं भरलेला चौकोन दाखवून मी 'साफ करा' म्हणाले होते.

तासाभरानं गेले. चौकोनात फक्त माती. काळी, भुसभुशीत, पेरणीला तयार. हरळी मुळ्यांसकट बांधावर उन्हात पसरलेली.

"लय माजली हुती," कोंडाबाई घाम पुसत म्हणाली. "एक काडी ठिवली न्हाई. सुभेदार फौजंत ऱ्हायलं, त्यास्नी काय कळतंय? आता मेथी टाका म्हणावं."

दुपारभर मी ती हरळी मूठमूठ करून पुन्हा मातीत खोचत बसले. दुसऱ्या दिवशी तिचा काथ्या झाला. त्या दोन दिवसांत मी इतकी वाळले की माझ्याच लुगड्यात मला मी सापडेना. दुधाची मोटारसायकल वाजली तरी मी पिठाच्या डब्याआड बसायची. गिऱ्हाईक विचारायचं, "बाई, भूत बघितलंसा काय?" मी म्हणायची, "अजून यायचंय."

आणि आठव्या दिवशी दिवेलागणीला गाडी आली.

मी भिंतीआड श्वास धरून उभी. आता आरोळी येणार, आता नळ्या निघणार. पण काही आलं नाही. ज्या माणसाला पन्नास पावलांवरून कोंबडीच्या नखाचा ओरखडा दिसायचा, तो उघड्याबोडक्या रानापुढून गेला आणि त्यानं तिकडं पाहिलंच नाही. त्यांची नजर काकींच्या चेहऱ्यावर होती. काकींच्या डोळ्यांवर काळा चष्मा. चालकानं पिशव्या उतरवताना भिंतीपाशी येऊन मला हळूच सांगितलं: ऑपरेशनचा उपयोग झाला नाही, उशीर झाला होता.

काकींनी दारातच चप्पल काढली. सुभेदारांनी त्यांचे दोन्ही हात धरले आणि स्वतः उलटे चालत त्यांना विटांच्या आत घेऊन आले.

काकींचं पाऊल मातीत पडलं. त्या थांबल्या. अंगठ्यानं माती जरा चाचपली.

"का गं? थांबलीस का?" सुभेदार म्हणाले. त्यांचा आवाज थरथरतो हे मला तोवर माहीत नव्हतं. "मऊ लागतंय का?"

"लागतंय की," काकी म्हणाल्या. "चला फुडं."

दोघं ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले आणि परत आले.

सकाळी लाल कोंबडी काखेत घेतली आणि सुभेदारांच्या दारात गेले. म्हटलं, "ही घ्या. कापा, न्हाईतर मला कापा. पण काकींना ह्यातलं काय सांगू नका." आणि खड्ड्यापासून कोंडाबाईपर्यंत सगळं एका दमात सांगून टाकलं.

ते बाहेर आले. विटांपाशी उभे राहिले. मातीत दोन माणसांची पावलं उमटली होती, एकाची उलटी, एकाची सुलटी. मी डोळे मिटून घेतले आणि मनात एक, तीन म्हटलं.

"पण मऊ लागतंय म्हणली ती," ते म्हणाले.