वर्खाची दोन पानं

काहीही दाखवायचं असलं की मास्तर आधी समोरच्याच्या डोळ्यांवर आपला तळवा ठेवत. "दम धर. डोळ्याला अंधार कळू दे." मग शंभरापर्यंत आकडे म्हणत, तेही इतके सावकाश की साठाच्या पुढे माणूस कंटाळून हसायला लागे. शंभर झाले की तळवा निघायचा आणि डोळ्याला एक पितळी नळी लागायची.

नळी अंगठ्याएवढी. एका टोकाला भिंग, आत एक पडदा, आणि पडद्यासमोर सुईच्या टोकावर रेडियमचा कण, असून नसल्यासारखा. भिंगातून पाहिलं की हिरवट ठिणग्यांचा नुसता पाऊस. "एकेक ठिणगी म्हणजे एकेक फुटलेला अणू," मास्तर सांगत. "आपण सगळे गेलो तरी हे चालूच. सोळाशे वर्षांनी बघायला या, तेव्हा यातलं निम्मं उरलेलं असेल."

आमच्या खाडीकाठच्या इंग्रजी शाळेत ते विज्ञान शिकवत, मी चित्रकला आणि मराठी. साहित्याच्या खोलीच्या खिडकीला गोणपाट ठोकून त्यांनी भरदिवसा अंधार केला होता. गावातल्या कुणीही यावं, बघून जावं. एक म्हातारा कोळी नळीला डोळा लावून म्हणाला, "मास्तर, यो त आमचा रातीचा पेटलेला दर्या हाय! याला शाला कशाला पायजे?" मास्तर इतके खूश झाले की म्हाताऱ्याला त्यांनी तीनदा चहा पाजला.

अणू शिकवायची त्यांची तऱ्हा तुम्ही बघायला हवी होती. मैदानाच्या मधोमध मोहरीचा एक दाणा ठेवायचे आणि सगळ्या वर्गाला कुंपणाच्या कडेनं पळवायचे. "दाणा म्हणजे अणूचा गाभा, तुम्ही इलेक्ट्रॉन. मधे काय? काही नाही!" एकदा संस्कृतचे शास्त्रीबुवा ओसरीवरून ओरडले, "अहो, मग आम्ही बसलोय कशावर?"

"पोकळीवर, बुवा. बेतानं बसा."

सगळे हसले. मीही हसलो, पण त्या रात्री मला झोप आली नाही. मी मुळातच भित्रा माणूस. पायाखाली काही नाही आणि डोळ्याला न दिसणारं काहीतरी अंगातून आरपार जातंय, हे मास्तर ज्या आनंदानं सांगत, त्या आनंदाचीच मला भीती वाटे.

माझी चिमी तेव्हा पाच वर्षांची. मास्तर एकटे, चिमी त्यांच्या मांडीवरच वाढली म्हणा ना. एका दुपारी ती नळीचं टोक तोंडात धरून बसलेली दिसली. मास्तरांनी नळी हळूच काढून घेतली, पुसली, डोळ्याला लावली आणि बराच वेळ काढली नाही.

"ठिणग्या थोड्या कमी वाटतात का रे?"

मी पाहिलं. मलाही कमी वाटल्या. अशा नळ्या जुन्या झाल्या की आपोआप मंदावतात, हे मला फार वर्षांनी एका पुस्तकात वाचायला मिळालं. त्या दिवशी दोघांच्याही मनात एकच शंका आली, कण चिमीच्या पोटात तर गेला नाही?

आषाढात चिमीला ताप आला. डॉक्टर म्हणाले, मुदतीचा ताप आहे, टायफॉइड, तीन-चार आठवडे घेईल, केसही जातील, घाबरू नका. पण उशीवर केसांचे पुंजके दिसायला लागले आणि माझा धीर सुटला. रेडियमनं केस झडतात, हे मी वर्तमानपत्रात वाचलं होतं. शाळेच्या कमिटीपुढे जाऊन मी म्हणालो, "माझ्या मुलीच्या पोटात मास्तरांचं रेडियम गेलंय."

मास्तर रागावले नाहीत. "शक्य आहे," एवढंच म्हणाले. "आपण तपासू."

तपासायचं यंत्र त्यांनीच बनवलेलं होतं. रुंद तोंडाची काचेची बाटली, लाखेचं बूच, त्यातून आत गेलेली पितळी काडी, आणि काडीच्या टोकाला वैद्याकडून आणलेल्या सोन्याच्या वर्खाची दोन पानं. काचेची दांडी रेशमावर घासून वरून टेकवली की पानं फाकत आणि तशीच राहत. जवळ रेडियम आणलं की हवेतून विजेला वाट मिळे आणि पानं मिटत. फक्त एक खोड होती. काचेवर, लाखेवर ओल धरली तरी पानं मिटायची, रेडियम असो वा नसो. म्हणून मास्तरांचा नियम असे, बाटली जिथं न्यायची तिथं गेल्यावर पुन्हा निखाऱ्यावर शेकायची. पावसाळाभर ते काम माझ्याकडे होतं.

त्या सकाळी शाळेत बाटली शेकली, पानं छान फाकली, टिकली. मग ती पंच्यात गुंडाळून मी खाडीच्या बांधावरून घरी आणली. पाऊस नव्हता, पण हवा अशी की सदरा अंगाला चिकटत होता. घरी चुलीत निखारे होते. बायको म्हणालीसुद्धा, "अहो, शेगडी काढून देऊ का?" मी म्हणालो, "नको."

विसरलो, असं मी पुढे स्वतःला सांगत आलो. विसरलो नव्हतो. मला कुणीतरी दोषी हवं होतं.

मास्तर आले, मागून कमिटीचे तिघं. मास्तरांनी विचारलं, "शेकलीस ना?"

मी म्हणालो, "हो."

त्यांनी दांडी घासली. पानं फाकली. बाटली चिमीच्या अंथरुणाशी ठेवली आणि आमच्या डोळ्यांदेखत पानं हळूहळू मिटली. मास्तरांनी पुन्हा घासली. पुन्हा मिटली. तिसऱ्यांदा टेकवताना दांडी बाटलीवर वाजली. बाटली नुसती ओसरीवर नेऊन पाहिली असती तर तिथंही मिटली असती. एरवी हे त्यांनीच मुलांकडून करून घेतलं असतं. पण त्या दिवशी भीती त्यांच्यातही शिरली होती, आणि मी शेकली म्हणालो होतो.

कमिटीतले एक जण पुटपुटले, "पोरगी गेली म्हणायची." आत बायकोनं हंबरडा फोडला. तो आवाज ऐकून मला वाटलं, आता सांगावं. मी बाटलीवर पंचा टाकला. मास्तर चिमीकडे बघत होते. "मी केलं," एवढंच ते म्हणाले आणि चपला न घालता चिखलातून निघून गेले.

त्यांनी राजीनामा दिला. पावसाळ्यात शिडाचे मचवे बंद, म्हणून नारळी पौर्णिमा होईपर्यंत ते गावातच अडकले होते. शाळेमागच्या खोलीत एकटे राहत. कुणी जेवण नेलं तर आतून सांगत, "उंबऱ्यावर ठेवा आणि जा." वापरलेले कपडे स्वतः जमिनीत पुरत. आपल्याही अंगात रेडियम आहे आणि ते दुसऱ्याला बाधेल, असं त्यांनी धरलं होतं. इकडे चिमीचा ताप उतरला. ती भात मागू लागली, भिंतीला धरून चालू लागली. मी रोज संध्याकाळी मास्तरांच्या दाराशी जायचो आणि कडी न वाजवता परत यायचो. नोकरी जाईल, हे होतंच. त्याहून भीती होती ती त्यांच्या चेहऱ्याची.

ते आज कुठे आहेत, आहेत की नाहीत, मला ठाऊक नाही. दोन पत्रं पाठवली, दोन्ही परत आली. चिमीला आता मुलं आहेत. तिलाही मी हे आजवर सांगितलेलं नाही.

त्यांच्या जाण्याच्या दिवशी धक्क्यावर कुणी आलं नव्हतं. चिमी माझा हात सोडून धावली. "मास्तर, बघा, माझे केस आले!" डोक्यावर नखभर लव आली होती.

मास्तर दोन पावलं मागं सरले, हात पाठीमागं घेतले. "आले की गं! छान आले. पण तिथंच थांब, पोरी. लांबूनच बोल."

बाटली शेकली नव्हती. एवढंच म्हणायचं होतं. मी चिमीला उचलून घेतलं आणि उभा राहिलो.

मचव्यात ते मागच्या फळीवर बसले. तान्हं मूल घेतलेली एक बाई येऊन त्यांच्या शेजारी टेकली. मास्तर लगबगीनं उठले, नारळाच्या पोत्यांवरून धडपडत पार पुढच्या टोकाला, नाळेपाशी गेले आणि जिथं लाटेचं पाणी सारखं अंगावर येतं तिथं, सगळ्यांकडे पाठ करून बसले.