भिंतीपलीकडून ऐकलेली उपासना

श्री. मनोहरराव वाघमारे, म्हणजे आम्हां सर्वांचे काका, पंच्याहत्तर वर्षांचे होत आहेत. त्यांच्या गौरवासाठी चार शब्द लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं, पण ते शांतपणे लिहून होईल ही आशा मी सोडली आहे. गेली कित्येक वर्षं त्यांनी मला स्वस्थ बसू दिलेलं नाही.

दिल्लीत खाजगी कंपन्या नवी ऑफिसं थाटत होत्या, तेव्हा मी नोकरीसाठी पुण्याहून आले. सरोजिनी नगरच्या बाजारात स्वेटरवाल्याशी माझ्या पुणेरी हिंदीत हुज्जत घालत होते. मागून काकांचा आवाज आला, "पुण्याच्या ना? अहो, पाठ फिरवून चालू लागा, तो हाक मारेल." त्याने खरंच हाक मारली. बोलता बोलता दोघंही ख्रिस्ती निघालो, आणि त्याच रविवारी मी मयूर विहारला काकांच्या फ्लॅटवर उपासनेला बसले. चर्चमध्ये हिंदी आणि इंग्रजी उपासना होत. मराठीत प्रार्थना करायची तर काकांचं घर, हे आम्हां ख्रिस्ती मराठी मंडळींचं ठरलेलं होतं.

पण आमची पेटी-ढोलकी शेजारच्या भटनागरांना खपेना. सोसायटीच्या सभेत ते कडाडले, "यह घर है या चर्च? बंद करवाइए!" आमचे तरुण पेटून उठले. कोर्टात जाऊ म्हणाले, मीही त्यांच्यातच होते. काका तर सर्वांत जास्त चिडले होते.

पुढच्या रविवारी प्रभुभोजन होतं, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर मोडून वाटून घेण्याचा आमचा महिन्याचा विधी. कुणाशी वैर असेल तर ते मिटवल्याशिवाय भाकरीला हात लावायचा नाही, अशी आमच्यात रीत आहे. बहुतेक जण ती डोळे मिटून मनातल्या मनात उरकतात. आमच्या पाळकांनी, म्हणजे धर्मगुरूंनी, भाकर मोडली आणि काका उठले. चपला घालून त्यांनी शेजारचं दार वाजवलं. ते उघडलं आणि धाडकन मिटलं, हे आम्ही सर्वांनी ऐकलं. परत येऊन काकांनी सर्वांना भाकर वाटली, स्वतः मात्र घेतली नाही. पुढच्या महिन्यातही नाही, त्याच्या पुढच्याही नाही.

"तुम्ही गेलात ना काका? झालं तुमचं काम," मी वैतागून म्हटलं.

"गेलो खरा, पण माझंच कसं बरोबर आहे हे सांगायला गेलो. ते काय जाणं झालं?"

त्यांचा चेहरा उतरत चालला होता. जन्मभरात प्रभुभोजन कधी चुकलं नव्हतं, आता ते समोर असून घेता येत नव्हतं. मग एका रविवारी काका उपासनेलाच नाहीत! आमची गीतं संपल्यावर उगवले. इतका वेळ ते भटनागरांच्या झोपायच्या खोलीत खुर्ची टाकून बसले होते. भटनागर छापखान्यात रात्रपाळी करीत आणि दुपारी, नेमके आमच्या उपासनेच्या वेळी, झोपत. भिंतीला भिंत लागून असूनही हे कुणी विचारलं नव्हतं.

"त्यांना म्हटलं, मला फक्त ऐकू द्या," काका सांगत होते. "अहो, डोकं उठतं तिथे! आणि काय बेसूर गातो आपण!"

त्या महिन्यात काकांनी भाकर घेतली. मला रडू आवरेना.

उपासना मग फिरती झाली. आज नोएडा, पुढच्या वेळी गुडगाव, आणि पेटी रिक्षात काकांच्या मांडीवर. मला ते पटलं नव्हतं, आजही पुरतं पटत नाही. आपण मूठभर माणसं, दर वेळी आपणच का सरकायचं? हे मी काकांना कितीदा विचारलं. "मलाही बोचतं ते," एवढंच ते म्हणतात.

या गौरवालाही त्यांचा विरोधच होता. "ख्रिस्ती म्हणून जगलो असं लिहू नका हं. अजून जमवतोय," अशी तंबी मला मिळाली आहे. पण गेल्या महिन्यात भटनागरांनी स्वतः येऊन त्यांचं दार वाजवलं. "भाईसाहब, अब तो रिटायर हूँ, रात को ही सोता हूँ. प्रार्थना घर पर ही रखिए. बस, सुर में गाइए." म्हणून गौरवाची उपासना काकांच्याच घरी होणार आहे.

प्रभू काकांना उदंड आयुष्य देवो आणि त्यांचे गुडघे धड ठेवो. माझ्या वरच्या मजल्यावरच्या बाईंशी माझं वर्षभर बोलणं नाही. गौरवाच्या दिवशी प्रभुभोजन आहे, आणि भाकर वाटायला काकाच असणार.