खोका सुधारणारे अण्णा

गायकाने गळा साफ केला, तबलजीने हातोडीचा शेवटचा ठोका दिला, मी पेटीचा भाता मोकळा केला, की काचेपलीकडून अण्णांचा आवाज यायचा, "दोन मिनिटं हं! नवी फ्लॉपी आलीय." अण्णांची ही दोन मिनिटं सांगलीत प्रसिद्ध होती. तेवढ्यात माणसं गणपतीच्या देवळात जाऊन यायची, भडंग खायची, एखाद्या नातेवाइकाकडे चहा घेऊन यायची. परत येऊन पाहावं तर अण्णा पडद्यासमोर तसेच बसलेले, चेहऱ्यावर बाळंतिणीच्या खोलीबाहेर ताटकळणाऱ्या बापाची काळजी.

अण्णा मूळचे तासगावचे. भावांनी घरचं भांडवल बेदाण्यात घातलं, अण्णांनी आवाजात. नव्वदीच्या दशकाच्या शेवटी हळदीच्या एका वखारीमागच्या खोलीत त्यांनी कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंग करणारा स्टुडिओ काढला. माईकमधला आवाज कॉम्प्युटरला समजेल असा करून देणारं एक यंत्र त्यांनी मुंबईहून आणलं होतं. त्याला अण्णा आदराने 'ऑडिओ इंटरफेस' म्हणत, बाकी सगळे खोका म्हणत. या खोक्याच्या पोटात एक प्रोग्राम असतो आणि परदेशातली हुशार माणसं तो सारखी सुधारत असतात, हे अण्णांना कळलं आणि आमच्या नशिबाचे भोग सुरू झाले. मुंबईचा दुकानदार कुरिअरने फ्लॉप्या पाठवायचा. अण्णा पंचांग बघून, अमावास्या टाळून, त्या खोक्याला पाजायचे.

"जुनं म्हंजे मळकं, गड्या," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "आंगावरचं कापड बदलतोस नव्हं रोज? मग खोक्यानं काय घोडं मारलंय?"

एकदा तासगावच्या भजनी मंडळाचं अर्धं रेकॉर्डिंग झालेलं असताना अण्णांनी अशीच सुधारणा केली. उरलेलं अर्धं घेऊन ऐकायला लावलं तर माझी पेटी डाव्या कानातून उजव्या कानात गेलेली. मी म्हटलं, अण्णा, हे उलटं झालं. अण्णा शांतपणे म्हणाले, "आदी चुकीच्या कानात हुती." अशा माणसाशी वाद घालणाऱ्याला मी तरी शहाणा म्हणणार नाही. मी महिनाभर घातला.

असं असूनही लोक अण्णांकडेच यायचे, कारण त्यांच्या कानाला तोड नव्हती. गायकाने श्वास कुठे चोरला हे ते डोळे मिटून सांगायचे. आणि चांगला आवाज ऐकला की सगळ्यांसमोर रडायचे. हा त्यांचा दुसरा दोष.

कुंडलच्या महादू तात्या गोंधळ्यांचा आवाज टेप करायचा, हा त्यांनी घेतलेला ध्यास होता. तात्या देवीच्या गोंधळात ज्या कथा गायचे, त्या आता पंचक्रोशीत दुसऱ्या कुणालाच येत नव्हत्या. तात्या नेहमी म्हणायचे, "येतू की सुगीनंतर." अशा कैक सुग्या गेल्या. मग तात्यांच्या घशात गाठ निघाली. मिरजेत ऑपरेशन ठरलं. जीव वाचेल, आवाज जाईल, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सकाळी तात्या तुणतुणं आणि संबळवाला पुतण्या घेऊन एसटीने सांगलीला आले. अण्णांच्या हाताशी तेवढा एकच दिवस होता.

आणि त्याच्या आदल्याच दिवशी नव्या फ्लॉप्यांचं कुरिअर आलं होतं.

"अण्णा, खोका काल झकास चालत होता," मी हात जोडून म्हटलं. "आज नको."

"तात्याचा आवाज मळक्या व्हर्जनवर घ्यायचा व्हय? तुमाला काय वाटतंय का न्हाई?"

गोंधळी सुरुवातीला वाद्यांना भंडारा लावतात. तात्यांनी पिशवीतून हळद काढली, संबळाला लावली, तुणतुण्याला लावली. अण्णा भक्तिभावाने म्हणाले, "आवं तात्या, आमच्याबी वाद्याला लावा की." तात्या दिलदार माणूस. त्यांनी खोक्याला लावली, कॉम्प्युटरला लावली आणि समोर ठेवलेल्या दोन्ही फ्लॉप्यांवर चिमूट चिमूट सोडली. पहिल्या फ्लॉपीवर अण्णांनी फुंकर मारली. दुसरीवर मारली नाही, देवीचा प्रसाद उडवायचा कसा म्हणून. सांगलीच्या पेठेतली वस्त्रगाळ हळद ती, कुठल्या फटीत शिरायचं हे तिला शिकवावं लागत नाही.

पहिली फ्लॉपी खोक्याच्या पोटातलं जुनं पुसते, दुसरी नवं भरते, अशी ती व्यवस्था. पहिलीने आपलं काम चोख केलं. दुसरी आत गेली, खरखरली, दम्याच्या माणसासारखी खोकली आणि थांबली. पडद्यावर इंग्रजीत एक वाक्य आलं. खोक्याचे सगळे दिवे लाल झाले आणि मग विझले.

"झाली का सुदारना?" तात्यांनी विचारलं.

अण्णांनी मुंबईला फोन लावला. दुकानदार सांगेल ते करत राहिले. मी म्हटलं, वखारीतल्या मुनीमजींचा टेपरेकॉर्डर आणतो, निदान त्यावर घेऊ. "तसल्या डबड्यात?" अण्णा ओरडले. "दोन मिनिटं थांबा!" स्वतःचा जुना टेपडेक त्यांनी सुधारणेच्या आड येतो म्हणून केव्हाच विकला होता. तिकडे तात्या गळा तापता ठेवायला गुणगुणत राहिले. त्या दुखऱ्या गळ्यात जेवढं शिल्लक होतं, तेवढं ते आम्ही दिलेल्या चहाबरोबर दुपारभर खर्च करत होते. ऊन उतरल्यावर मी कुणाला न विचारता डबडं घेऊन आलो. तात्या उभे राहिले, तुणतुणं छेडलं, तोंड उघडलं. नुसती हवा आली.

अण्णा खाली बसून ओक्साबोक्शी रडले. तात्यांनीच त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि कुजबुजत म्हणाले, "आवं अण्णा, आवाज माजा गेलाय. तुमी कशापायी रडताय?"

ऑपरेशन झालं. तात्या वाचले. अण्णांनी स्टुडिओला कुलूप घातलं. दसऱ्यानंतर एक दिवस मला म्हणाले, "कुंडलला चला." काखेत मुनीमजींचं तेच डबडं. माफी मागायला निघालेल्या माणसाने टेपरेकॉर्डर का घ्यावा, हे मी विचारलं नाही. त्यांनाही ठाऊक नसावं.

तात्या ओसरीवर बसले होते, गळ्याला फडकं गुंडाळून. अण्णा पाया पडले आणि डबडं मांडीवर घेऊन बसले. तात्यांची बायको पारूबाई चहा घेऊन आली. काहीतरी बोलायचं म्हणून मी एका कथेचं नाव काढलं, म्हटलं, तिची सुरुवातसुद्धा आता कुणाला आठवायची नाही.

"न आटवाया काय झालं?" पारूबाई म्हणाली. "जलमभर भाकऱ्या थापत तेच ऐकलंय." आणि ओट्याला टेकून तिने गायला सुरुवात केली. आवाज जाडाभरडा, पण शब्दाला शब्द लागत होता. गोंधळात बाईमाणसाने तोंड उघडायचं नाही, हा तात्यांचा जन्मभराचा नियम. आता विरोध करायला त्यांच्याकडे आवाज नव्हता. त्यांनी डोळे वटारून बघितलं. मग उठून आत गेले. अण्णांनी बटण दाबलं होतं, ते घाबरून बंद करणार, तोच तात्या तुणतुणं घेऊन बाहेर आले आणि तिच्याशेजारी बसले.

अण्णा त्या हिवाळ्यात दर आठवड्याला कुंडलला जात राहिले आणि सगळ्या कथा उतरवून घेतल्या. टेपवर कोंबड्या आहेत, ट्रॅक्टर आहे, पारूबाईचा खोकला आहे. खोका दुरुस्त होऊन आल्यावर दुकानदार फोनवर म्हणाला, नव्या व्हर्जनमध्ये असले फालतू आवाज आपोआप निघून जातात, पाठवू का? अण्णा म्हणाले, "नगं."

आता अण्णाही नाहीत. त्या टेपा माझ्याकडे आहेत. पहिली कथा संपते. मग पारूबाई हळूच विचारते, "बरुबर म्हनलं का वं?" आणि तुणतुण्याची तार एकदाच वाजते.