चालू होता ना?

येमेनमध्ये युद्ध पेटलेलं, म्हणून तिथल्या बायकांच्या हक्कांची परिषद शेजारच्या देशात, आमच्या बौशरच्या हॉटेलात भरली. माइक फिरवायचं काम माझं. इस्लाम बाईला बोलू देतो का, यावर दोन दिवस परदेशी पाहुणेच बोलले. तिसऱ्या रांगेतली येमेनी बाई कोपराला दुसऱ्या हाताचा टेकू देऊन हात वर धरून बसायची. मी तिच्याकडे निघालो की आयोजक डोळ्यांनीच मला थांबवायचे.

अगदी शेवटी तिला माइक मिळाला. ती अरबीत शांतपणे म्हणाली, "इस्लाम बोलू देतो. तुम्हीच देत नाही." एवढं अरबी मलाही कळतं.

दुभाष्याने इंग्रजीत सांगितलं, "मॅडम सर्वांचे आभार मानतायत."

टाळ्यांचा कडकडाट झाला. माइक परत देताना तिने मला हळूच विचारलं, "चालू होता ना?"